दयारामची एक घंटी

“त्या दुपारी वीज गेली तेव्हा हौदावरचा चौकीदार दयाराम गाढ झोपलेला होता. फोनयंत्राने त्याला हाक मारली. ऐकायला कोणी जागे नव्हते. गुरुजींच्या यंत्रात तिळमात्र खोट नव्हती.”

मागील वर्षीच्या याच दिवाळी अंकात हा मजकूर छापून आला. लिहिणारे मोतीराम नान्हे हे केशोरीकडच्या एका मच्छीमार संस्थेचे माजी सचिव आणि माझे जुने स्नेही. त्यातले ‘गुरुजी’ म्हणजे मी. मोतीरामांनी एकूण चार विधाने केली आहेत. यंत्राने हाक मारली, एवढे एकच त्यांत खरे आहे. उरलेली तीन मी नाकारतो. आणि शेवटचे, जे माझ्या स्तुतीचे आहे, ते सर्वांत आधी नाकारतो. मी भांडकुदळ आहे असे माझ्याविषयी बोलले जाते. तेही मला मान्य नाही. परंतु त्याचा निकाल पुन्हा केव्हातरी लावता येईल.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी नोकरी झाली. रेडिओपासून सुरुवात केली आणि मोबाईल फोनपाशी निवृत्त झालो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मला एक छंद जडला. जुने, बटणांचे फोन उघडायचे आणि त्यांना मायक्रोकंट्रोलरशी जोडायचे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे चाळीस पायांची एक काळी चिप. आमचे विद्यार्थी तिला ‘गोम’ म्हणत. तिच्या पोटात आपण लिहिलेल्या सूचना असतात: या पायावर वीज आली तर त्या पायावर वीज दे, तीस सेकंद थांब, मग बंद कर. गोमेला एवढेच कळते, पण जेवढे कळते तेवढे ती कधी विसरत नाही.

अडचण अशी की गोमेला फोनची भाषा येत नाही. भारी फोनला तारेने संगणकाशी बोलता येई. आमच्या हाती येणाऱ्या स्वस्त फोनला ती सोय नव्हती. म्हणून आम्ही आडवाट धरली. फोन थरथरतो तो त्यातल्या भिजलेल्या हरभऱ्याएवढ्या मोटरीमुळे. ती मोटर काढून टाकायची आणि तिच्या दोन तारा गोमेकडे न्यायच्या. फोन आला की त्या तारांत वीज येते आणि गोमेला कळते की कोणीतरी घंटी दिली. उलट बाजूने, गोमेला फोन लावायचा असेल तर दोनच्या बटणाखाली केसाएवढ्या बारीक दोन तारा डाख देऊन जोडायच्या आणि छोट्या रिलेने, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचने, त्या दोन सेकंद जुळवायच्या. फोनला वाटते, कोणीतरी दोनचे बटण दाबून धरले आहे. आणि त्या बटणावर जो क्रमांक नेमून दिला असेल तो तो लावतो. तिनाच्या बटणावर दुसरा क्रमांक. एवढीच आमची विद्या.

हे फोन मी गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानातून घेत असे. दुकानदार मला ओळखून होता.

“सरजी, कल ही तो अच्छा-भला फोन दिया था. उसका भी पोस्टमॉर्टम कर दिया क्या?”

“पोस्टमॉर्टम मेल्यावर करतात. माझ्याकडे गेल्यावर तुमचे फोन कामाला लागतात,” मी म्हणे.

“हाँ, मगर बात करना तो भूल जाते हैं ना!”

वादात हरणे मला सहन होत नसे. म्हणून मी आणखी एक फोन विकत घेत असे.

त्या काळी आपल्याकडे बोलण्यापेक्षा घंटीच अधिक चाले, हे आजच्या तरुणांना सांगावे लागेल. फोन लावायचा, एकदा वाजू द्यायचा, कापायचा. मिस्ड कॉल म्हणजे ‘पोहोचलो’. मिस्ड कॉल म्हणजे ‘डबा पाठव’. आणि काहीच ठरलेले नसेल तर मिस्ड कॉलचा एकच अर्थ: मला परत फोन कर. परत फोन न करणारा माणूस शिष्ट समजला जाई. या रिवाजावरच माझी सारी यंत्रे उभी होती. आणि या रिवाजानेच माझे एक यंत्र आडवे केले.

त्याची सूचना मला आधी मिळाली होती. मुर्रीचे टेंभरे नावाचे एक शेतकरी माझ्याकडे आले. शेतातली मोटर घरबसल्या सुरू व्हावी, ही त्यांची इच्छा. मी यंत्र करून दिले: एक घंटी दिली की मोटर सुरू, पुन्हा एक दिली की बंद. आठ दिवसांत टेंभरे यंत्र काखेत मारून परत आले.

“गुरुजी, हे घ्या आपलं बाळ.”

“काय झाले? चालत नाही?”

“चालते जी! लय चालते! बालाघाटहून साळ्यानं फोन केला, का मोटर सुरू. साळीनं केला, का बंद. धानाची बांधी फुटाले आली अन् मी बायकोले म्हणून राहिलो, तुया माहेरच्यायले सांग का बाप्पा, पोरीचं लगन जमवाचं असन तं चिठ्ठी लिवा!”

घरचाच जुना क्रमांक त्यांनी यंत्राला दिला होता. मी पोट धरून हसलो, नवे सिम घालायला सांगितले आणि प्रकरण मिटवले. कोण बोलावतो आहे हे माझ्या यंत्राला कळत नाही, ते कोणाच्याही घंटीवर काम करते, ही गोष्ट मेहुण्याने माझ्या तोंडावर फेकली होती. मी तिचा किस्सा केला आणि वर्गावर्गांत सांगितला.

मग मोतीराम आले. त्यांच्या संस्थेकडे गावचा मोठा तलाव होता. दर पावसाळ्यात संस्था मत्स्यजिरे आणत असे. जिरे म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्ले. खरोखर जिऱ्याएवढी, डोळे तेवढे दिसतात. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून ती येतात, आधी सिमेंटच्या हौदात सोडली जातात, तिथे थोडी सावरली की पुढे छोट्या तळ्यात, आणि बोटाएवढी झाली की मोठ्या तलावात. हौदात त्यांना सतत हवा लागते. हवेचा पंप विजेवर चाले, आणि आपल्या विजेविषयी मी काही लिहिण्याची गरज नाही. त्या एका हौदात तलावकाठच्या साऱ्या ढिवर मच्छीमार घरांचे पुढचे वर्ष पोहत असे.

हौदावर दयाराम मारबते चौकीदार होता. वय पन्नाशीच्या पुढे. शाळा पाहिलेली नाही, परंतु पाण्याच्या रंगावरून आत काय चालले आहे ते सांगे. हौदाबरोबरच तलावाच्या सांडव्यावरची जाळीही तोच सांभाळी, कारण पुराच्या पाण्याबरोबर मोठे मासे निघून जातात. सांडवा हौदापासून बराच लांब. तो तिकडे असताना वीज गेली तर त्याला कळावे कसे, हा मोतीरामांचा प्रश्न होता.

मी जे यंत्र केले ते असे. वीज गेली की गोम फोनचे दोनचे बटण जुळवी आणि दयारामच्या फोनवर घंटी जाई. दयाराम लांब असेल तर तो एक घंटी परत देई. त्यासरशी टायरमध्ये हवा भरण्याचा एक छोटा पंप जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सुरू होई. दुसरी घंटी दिली की बंद. हे आपोआपच का सुरू केले नाही, असे कोणी विचारील. बॅटरी थकलेली होती, तासभर टिकेल न टिकेल. आणि वीज दिवसातून दहादा पापणी मिटावी तशी जाई. दर वेळी पंप सुरू झाला असता तर खरी गरज पडेल तेव्हा बॅटरी रिकामी असती. गरज केव्हा आहे हे ठरवायला माणूस हवा होता, आणि दयारामइतका योग्य माणूस मला दिसत नव्हता.

“एकच घंटी द्यायची, दयाराम. दुसरी दिलीस की हवा बंद.”

“एकच देतो जी.”

“घाबरून दोन-तीनदा लावशील.”

“मासोळीले घाबरून चालत नाही, गुरुजी. पाणी हालते.”

निघताना मोतीराम अडून बसले. “सचिव मी हाव. हौदावर काय होऊन राहिलं ते मलेबी समजलं पायजे. माया फोनवरबी घंटी आली पायजे.”

मी तिनाचे बटण त्यांच्या नावाने जोडून दिले. दयारामला घंटी देऊन झाली की यंत्र त्यांनाही देई. ‘परत फोन करू नका’ हे चार शब्द मात्र मी त्यांना सांगितले नाहीत. मला ते सुचलेच नाहीत.

ती दुपार ढगाळ होती. वारा पडलेला, अंगाला कपडा चिकटत होता. अशा हवेत पाण्यातला प्राणवायू आधीच कमी असतो. जिरे सकाळीच आलेले होते. दुपारी वीज गेली. मोतीराम तालुक्याच्या गावी एका कार्यालयात संस्थेच्या कामाला बसले होते. परत आले तोवर हौदाच्या एका कोपऱ्यात मेलेल्या जिऱ्यांची राखाडी साय जमली होती. दयाराम आणि त्याची बायको भागरथाबाई काठावर बसून घागरीने पाणी उचलत होती आणि उंच धरलेल्या बांबूच्या टोपलीतून ते परत हौदात सोडत होती, म्हणजे धार फुटून पाण्यात हवा मिसळावी. पाण्यात उतरला असता तर पिल्ले पायाखाली चिरडली असती, म्हणून तो उतरला नव्हता. भागरथाबाईच्या हाताची साले निघाली होती. जे निम्म्याहून अधिक जिरे वाचले ते त्या टोपलीने वाचवले.

दुसऱ्या दिवशी संस्थेची सभा भरली. मलाही बोलावले होते.

“बॅटरीचा पंप सुरू नव्हता,” मोतीराम म्हणाले. “मी सोता पाह्यलो. घंटी देल्ली नाहीस तू?”

“देल्ली जी. एकच देल्ली.”

“मंग पंप काऊन नाही चालला?”

“चालला. मी सांडव्यावरून धावत आलो तं बुडबुडे येऊन राहिले होते. मंग बंद झाला. मंग चालू झाला. मंग बंद. थो आपल्या मनानंच चालू-बंद होऊन राहिला होता.”

“मंग तू काऊन नाही देल्ली आणखी घंटी?”

“गुरुजी म्हणले होते, एकच द्याची.”

सभेत हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, “मशीनले मन आलं रे बाप्पा! आता त्याचंबी लगन करा लागते!” मग एक जण म्हणाला, “झोपला असन लेकाचा, सपनात पाह्यला बुडबुडे.” तेथून ‘झोपला असन’चे ‘झोपला होता’ व्हायला फारसा वेळ लागला नाही.

सगळे माझ्याकडे वळले. मी उभा राहिलो आणि वर्गात बोलतो तशा आवाजात म्हणालो, “यंत्र आपल्या मनाने काही करत नसते. त्याला सांगावे तेवढेच ते करते.”

हे वाक्य शास्त्राला धरून आहे. त्यातला एकही शब्द मला आजही बदलता येणार नाही. दयारामची चौकीदारी त्याच वाक्याने गेली.

यंत्र तपासण्यासाठी मी घरी आणले. तारा ठीक, रिले ठीक, गोमेतल्या सूचना ठीक. मग फोन हातात घेतला. प्रत्येक फोनच्या पोटात दोन याद्या असतात: आपण लावलेल्या फोनांची, आणि न उचललेल्या फोनांची. न उचललेल्यांच्या यादीत दोन नावे होती. त्यांतले एक मी शेवटासाठी राखून ठेवतो. दुसरे मोतीरामांचे. नावाखाली वेळा दिसतात. पाच वेळा होत्या, पहिली दोन वाजून एकवीस मिनिटांची, बाकीच्या त्यामागोमाग.

मोतीरामांना यंत्राची घंटी गेली. कार्यालयातून मोकळे होताच त्यांनी ती पाहिली आणि आपल्याकडचा कोणताही सभ्य माणूस जे करील तेच केले: परत फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. त्यांचा जीव हौदात अडकला होता. ज्याला मासोळीची काळजी नसती त्याने एकदा लावून सोडून दिले असते. त्यांनी पाचदा लावला. प्रत्येक घंटी माझ्या यंत्राने आज्ञा म्हणून पाळली. बंद, चालू, बंद, चालू, बंद. मेहुण्याने मुर्रीत केले ते सचिवाने केशोरीत केले. दोघांचाही दोष नव्हता. यंत्राला सांगितले तेवढेच त्याने केले. कोणी सांगितले ते विचारायला मी त्याला शिकवले नव्हते.

दुरुस्ती अगदी सोपी निघाली. त्या फोनमध्ये ओळखीच्यांचे गट करता येत, आणि ठरावीक गटाच्या फोनलाच थरथरायला सांगता येई. मी एक गट केला, त्यात चौकीदाराचे एकच नाव घातले. बाकी साऱ्या जगाच्या घंट्यांना फोन निश्चल राहू लागला. मात्र हे मी दुसऱ्या फोनमध्ये केले. पहिला फोन मी काढून घेतला. “जुना झाला,” एवढेच मोतीरामांना सांगितले. सिम बदलले की त्या फोनच्या याद्या पुसल्या जातात, म्हणून त्यातले सिमही काढले नाही. त्यांना नवे घ्यायला लावले. जेवणाच्या एका जुन्या डब्यात तो फोन ठेवला आणि डबा कपाटात. तो मी लपवला की जपला, याचे उत्तर त्या वेळी मी स्वतःला विचारले नाही.

नवे यंत्र उत्तम चालले. हौदावर नवा चौकीदार होता. पुढे बरीच वर्षे वीज गेल्यामुळे तिथे एकही जिरे मेले नाही, आणि याचा मला अभिमान आहे. दुसऱ्या संस्थांची माणसे ते पाहायला येत. तलावात मासा चांगला निघाला त्या वर्षी संस्थेने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. मागच्या रांगेत दयाराम बसला होता, जाळे विणून बोटे काळी पडलेली. सर्वांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या. निघताना जवळ येऊन म्हणाला, “आता नाही करत ना जी थो, आपल्या मनानं?”

“नाही करत,” मी म्हणालो.

“बरं झालं. मासोळी वाचली.”

त्या क्षणी सांगायला दोन वाक्ये पुरली असती. माझ्या खांद्यावर शाल होती. मी सांगितले नाही.

त्यानंतर आमची भेट अधूनमधून होई. तो मला तलावातला मासा आणून देई, नेहमी मरळ, कारण मला ती आवडते हे त्याने एकदाच ऐकले होते. मी त्याच्या घरचा रेडिओ दुरुस्त करून देई. चौकीदारीचा विषय त्याने कधी काढला नाही. आपण जागे होतो हे त्याला ठाऊक होते, आणि तेवढ्यावर त्याचे भागत होते.

मागील दिवाळीपर्यंत भागत होते. मोतीरामांचा लेख आला. अंक गावात फिरला. संक्रांतीच्या सुमारास मी केशोरीला गेलो तेव्हा दयारामकडे गेलो. तो आता ऐंशीच्या घरात आहे, ओट्यावर बसून असतो. भागरथाबाई गेल्या. अंक त्याच्या उशाशी होता. सुनेने त्याला तो लेख वाचून दाखवला होता. एकदा नाही, त्याने पुन्हा पुन्हा वाचून घेतला होता.

“बाबाले सांगा ना जी तुमीच,” सून म्हणाली. “रोज तेच इचारून राहिले.”

दयारामने माझा हात धरला. “गुरुजी, मी झोपलो होतो का जी?”

“नाही.”

“छापून आलं ना पण. छापून आलं तं खरं असन. माया ध्यानात तं सांडवा येते, धावत आलो ते येते. पण म्हतारा झालो. सपन असन का ते? भागरथा असती तं तिले इचारलो असतो.”

मी त्याला सांगितले की तू झोपला नव्हतास. चूक माझी होती. त्याने ऐकून घेतले आणि माझ्या हातावर थोपटले, घरी आलेला पाहुणा बरे वाटावे म्हणून काही बोलला तर आपण थोपटतो तसे. मग अंकाकडे पाहिले. माझ्या तोंडच्या शब्दाहून छापलेला शब्द त्याला मोठा वाटतो. एकदा सभेत माझ्या तोंडच्या शब्दाचे मोल त्याने पाहिले आहे. त्यामुळे मी त्याला दोष देत नाही.

मोतीरामांकडेही गेलो. त्यांना सारे सांगितले. ते उसळले.

“मंग तवाच काऊन नाही सांगतलं? इतले वर्स मी तुमची तारीप करून राहिलो!”

“म्हणूनच.”

“मी पाचदा फोन लावलो?”

“पाचदा.”

“मासोळीच्या काळजीनं लावलो जी मी,” ते म्हणाले.

ते खरे आहे, आणि तेही मी येथे लिहीत आहे. मोतीराम खोटे लिहिणारा माणूस नाही. जे त्यांना कोणी सांगितलेच नाही ते त्यांनी लिहिले नाही, एवढेच. तो न सांगणारा मी.

दयारामचा छापलेल्या अक्षरावर विश्वास आहे, म्हणून हे मी छापायला देत आहे. त्याच्या सुनेने हा शेवटचा भाग त्याला सावकाश वाचून दाखवावा.

केशोरीहून परतल्यावर मी कपाटातला डबा उघडला आणि फोनला चार्जर लावला. फोन जागा झाला. याद्या जशाच्या तशा आहेत. कोणालाही माझ्या घरी येऊन पाहता येतील. लावलेल्या फोनांच्या यादीत त्या दुपारचे दोन फोन आहेत: यंत्राने दयारामला लावलेला, दोन वाजून चार मिनिटांनी, आणि मोतीरामांना लावलेला, दोन वाजून पाच मिनिटांनी. न उचललेल्या फोनांच्या यादीत, मोतीरामांच्या पाच घंट्यांच्या आधी, दयारामची घंटी आहे. एकच आहे. दोन वाजून सहा मिनिटांची.